सीयोनची कवयित्री : एलायझा रॉक्सी स्नो

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जे अनेक नवे ख्रिस्ती पंथ उदयास आले, त्यांपैकी मॉर्मन पंथाएवढे कुतूहल आणि तेवढाच उपहास क्वचितच दुसऱ्या एखाद्या पंथाच्या वाट्यास आला असेल. बाहेरच्या जगाला या पंथाविषयी बहुधा दोनच गोष्टी ठाऊक असतात : सुवर्णपत्रांवर कोरलेला म्हणून सांगितला जाणारा एक ग्रंथ, आणि बहुपत्नीत्व. पहिली गोष्ट चमत्कारांत जमा होते, दुसरी निंदेत. आणि या दोहोंच्या मध्ये या लोकांचे जे नित्याचे जीवन आहे, त्यांची प्रार्थना, त्यांचे उपवास, त्यांची दानपद्धती, त्यांचा मरणोत्तर अस्तित्वाविषयीचा विश्वास, ते दृष्टीआड राहते. हे जीवन आतून समजून घ्यावयाचे असेल तर पंथसंस्थापकाच्या चरित्रापेक्षा त्या पंथाच्या कवयित्रीचे चरित्र अधिक उपयोगी पडते. एलायझा रॉक्सी स्नो हिने पंथाची गीते लिहिली, त्याच्या स्त्रियांच्या सभांची इतिवृत्ते लिहिली, आणि एक गोष्ट मात्र दीर्घकाळ लिहिली नाही. लिहिणे आणि न लिहिणे या दोहोंतून तिचे आयुष्य घडले.

एलायझाचा जन्म २१ जानेवारी १८०४ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील बेकेट या गावी झाला. ऑलिव्हर आणि रोझेटा लिओनोरा स्नो यांच्या सात अपत्यांपैकी ती दुसरी. तिच्या बालपणीच हे कुटुंब पश्चिमेकडे ओहायोमधील मँटुआ येथे नव्याने वसणाऱ्या भूमीवर जाऊन राहिले. आईवडील बॅप्टिस्ट, परंतु घरात अन्य मतांच्या माणसांनाही मुक्तद्वार असे. वडील गावचे न्यायाधिकारी होते आणि एलायझा त्यांच्या कचेरीचे लेखन सांभाळीत असे. शिवणकाम, विणकाम आणि दप्तर ही तिन्ही तिला सारखीच साधली होती. पुढील आयुष्यात तिच्या हाती जी सत्ता आली ती या तिसऱ्या कौशल्यातून आली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विशीत असताना ती स्थानिक वृत्तपत्रांतून टोपणनावाने कविता प्रसिद्ध करू लागली. १८२६ च्या ४ जुलै रोजी, एकाच दिवशी, जॉन अॅडम्स आणि टॉमस जेफर्सन हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष निवर्तले, तेव्हा तिने लिहिलेली शोककविता वाचकांच्या नजरेत भरली. प्रसंगनिष्ठ, सार्वजनिक, नीतिपर असे काव्य लिहिण्याची ही रीत तिने अखेरपर्यंत सोडली नाही.

याच सुमारास न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाचा तरुण आपणास देवदूताकडून प्राचीन सुवर्णपत्रे लाभल्याचे सांगत होता. त्यांचे भाषांतर म्हणून त्याने १८३० मध्ये मॉर्मनचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ६ एप्रिल १८३० रोजी आपला पंथ स्थापन केला. मॉर्मन हे नाव या ग्रंथावरून इतरांनी दिलेले. पंथाचे अधिकृत नाव 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे असून २०१८ पासून पंथाचे धुरीण पूर्ण नावाचाच आग्रह धरतात. साक्षात्काराची परंपरा बायबलाबरोबर संपली नाही, ईश्वर आजही प्रेषिताशी बोलतो, हा या पंथाचा पाया होय. एलायझाची आई आणि थोरली बहीण १८३१ मध्येच पंथात गेल्या. एलायझाने मात्र चार वर्षे विचारात घालविली आणि ५ एप्रिल १८३५ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बाप्तिस्मा घेतला. लगोलग ती कर्टलंड येथे गेली, तेथील मंदिराच्या बांधकामास तिने आपला वारसाहक्काचा पैसा दिला आणि जोसेफ स्मिथच्या घराण्यातील मुलींसाठी शाळा चालविली. धाकटा भाऊ लोरेंझो हाही तिच्याच प्रेरणेने पुढील वर्षी पंथात आला.

ज्या श्रद्धेसाठी तिने मागले सारे सोडले, तिचे स्वरूप थोडक्यात असे. मनुष्याचा आत्मा जन्माबरोबर निर्माण होत नाही. पृथ्वीवर येण्यापूर्वी तो ईश्वराच्या सान्निध्यात त्याचे अपत्य म्हणून वास करीत असतो. भारतीय वाचकास येथे पुनर्जन्माची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण साम्य अर्ध्यावरच थांबते. मॉर्मन मतात पूर्वास्तित्व आहे, पुनर्जन्म नाही. देह एकदाच लाभतो आणि तो बंधन नसून प्राप्ती मानला जातो. मरणानंतर देहासह पुनरुत्थान होते आणि आपापल्या योग्यतेनुसार माणसे वैभवाच्या तीन राज्यांत जातात. यांपैकी सर्वोच्च अवस्था एकट्याची मुक्ती नव्हे. पतिपत्नी, आईबाप आणि मुले मंदिरातील विधीने एकमेकांशी कायमची जोडली जातात आणि हे कुटुंबच अनंतकाळात पुढे चालते. हीच सोय मृतांसाठीही आहे : १८४० पासून मृत पूर्वजांच्या नावे जिवंत वंशज बाप्तिस्मा घेऊ लागले. श्राद्धात वंशज पितरांना पिंड अर्पण करतो. येथे तो त्यांच्यासाठी स्वतः पाण्यात उतरतो, आणि तो संस्कार स्वीकारावा की नाही हे त्या आत्म्याच्या इच्छेवर सोडलेले असते. मॉर्मन लोक वंशावळ्यांचा एवढा ध्यास का घेतात, याचे उत्तर यातच आहे.

या श्रद्धेने दिवसाची आणि आठवड्याची घडी बसवून दिली होती. पंथात वेतनभोगी पुरोहितवर्ग नव्हता. वस्तीचा बिशप हा एरवी शेतकरी किंवा चांभार असे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा पंथास द्यावयाचा, आणि रोकड दुर्मीळ असल्याने तो दशमांश धान्य, अंडी, लोणी, वासरे यांच्या रूपाने कोठारात जमा होई. महिन्यातून एकदा उपवास करावयाचा आणि वाचलेले अन्न गरिबांसाठी द्यावयाचे. १८३३ च्या एका साक्षात्काराने मद्य, तंबाखू व उष्ण पेये, म्हणजे चहा आणि कॉफी, वर्ज्य ठरविली आणि मांस बेताने खावे असे सांगितले. एलायझाच्या काळात हा उपदेश होता. त्याला कडक नियमाचे रूप विसाव्या शतकात आले. रोग्याच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देणे, अज्ञात भाषांत स्फुरणाने बोलणे व गाणे हेही त्या काळच्या स्त्रीजीवनाचे अंग होते, आणि एलायझा त्यासाठी प्रसिद्ध होती.

परंतु हे जीवन शांतपणे जगावयास मिळाले नाही. १८३८ मध्ये एलायझा मिसूरी राज्यात गेली. तेथील जुने वसाहतवाले आणि मॉर्मन यांच्यात जमीन, मतदान व गुलामगिरीचा प्रश्न यांवरून वैर पेटलेले होते. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी राज्यपाल बॉग्ज याने मॉर्मनांना शत्रू समजून राज्यातून हाकलावे अथवा नष्ट करावे अशी आज्ञा काढली. तीनच दिवसांनी हॉन्स मिल येथे सतरा जण मारले गेले. ऐन थंडीत हजारो माणसे इलिनॉयकडे निघाली. मिसिसिपीच्या काठी त्यांनी नॉव्हू हे नवे नगर वसविले.

नॉव्हूमध्ये एलायझाच्या आयुष्यातील दोन महत्त्वाच्या घटना साडेतीन महिन्यांच्या अंतराने घडल्या. मंदिराच्या बांधकामावरील मजुरांना कपडे पुरविण्यासाठी स्त्रियांनी संघटित व्हावे असे ठरले, तेव्हा तिची नियमावली एलायझाने लिहिली. जोसेफ स्मिथने ती वाचून प्रशंसिली आणि त्याहून व्यापक असे काही देऊ केले. १७ मार्च १८४२ रोजी 'रिलीफ सोसायटी' हे स्त्रियांचे साहाय्यमंडळ स्थापन झाले. स्मिथची पत्नी एमा अध्यक्ष झाली, एलायझा चिटणीस. दोन वर्षांत सभासदसंख्या तेराशेच्या वर गेली. दुसरी घटना २९ जून १८४२ ची. त्या दिवशी एलायझाचा जोसेफ स्मिथशी गुप्तपणे विवाह झाला. बायबलातील कुलपतींप्रमाणे अनेक स्त्रियांशी विवाह करण्याची आज्ञा आपणास झाली आहे, असे स्मिथ निकटच्या मंडळींस सांगत असे. त्याच दिवशी एलायझाने एका कोऱ्या वहीत दैनंदिनी लिहावयास आरंभ केला. पहिल्या नोंदीत मनाची घालमेल आहे, हवापाणी आहे, विवाहाचा स्पष्ट शब्द नाही. याहून कठीण प्रसंग ऑक्टोबरात आला. पंथात प्रसिद्ध नियमांखेरीज अन्य कोणतीही विवाहपद्धती चालत नाही, असे जाहीर निवेदन पंथाच्या नियतकालिकात आले, आणि त्याखाली एमाबरोबर चिटणीस या नात्याने एलायझाचीही सही होती. एमाची मैत्रीण, तिच्याच मंडळाची लेखिका आणि तिच्याच पतीची गुप्त पत्नी, अशा तिहेरी नात्यात ती जगत होती. या सहीचे समर्थन पुढे शब्दच्छलाने करण्यात आले. पण जी लेखणी सत्याची नोंद ठेवण्यासाठी नेमलेली होती तिने येथे सत्य झाकले, हे चरित्रकारास टाळता येत नाही.

२७ जून १८४४ रोजी कार्थेज येथील तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथची हत्या केली. एलायझा विधवा झाली, पण विधवा म्हणून शोक करण्याचा उघड अधिकार तिला नव्हता. स्त्रियांचे मंडळही थांबले. बहुपत्नीत्वाला एमाचा विरोध होता, तिच्या नेतृत्वाखालील संघटना नव्या धुरीणांना नकोशी झाली होती. पुढे एलायझाचा ब्रिगम यंग याच्याशी विवाह झाला तोही संरक्षणाचे नाते म्हणून. चिरंतनासाठी ती स्मिथचीच पत्नी मानली गेली. तिचे आईवडील यापूर्वीच पंथापासून दुरावून नॉव्हू सोडून गेले होते. ऑक्टोबर १८४५ मध्ये वडील निवर्तले, आणि पुढल्याच महिन्यात, १५ नोव्हेंबर १८४५ रोजी, तिची सर्वांत प्रसिद्ध कविता छापून आली. पुढे तिच्या शीर्षकात चिरंतन पिता आणि माता या दोघांना केलेले आवाहन आले. आज ते गीत 'ओ माय फादर' या नावाने ओळखले जाते.

चार कडव्यांच्या या गीतात एक निर्वासित आत्मा आपल्या पूर्वीच्या घराविषयी विचारतो. पित्याची ओळख त्याला शास्त्राने करून दिली आहे. पण पिता एकटा असणे बुद्धीस पटत नाही, म्हणून माताही असली पाहिजे असा तो निष्कर्ष काढतो, आणि मरणानंतर दोघांच्या भेटीची याचना करतो. स्वर्गीय मातेचा विचार स्मिथच्या शिकवणुकीत सूचित होता, असे त्याच्या निकटवर्तीयांनी पुढे सांगितले. त्याला लोकांच्या ओठी नेले ते या गीताने. मराठी वाचकाला विठ्ठलाला माउली म्हणणारी वारकरी परंपरा सहज आठवेल. तेथे एकच देव भक्ताच्या आर्ततेने आई होतो, ते भक्तीचे रूपक आहे. एलायझाची माता ही पित्याहून वेगळी, देहधारी, त्याच्या शेजारी बसणारी व्यक्ती आहे. कारण मॉर्मन स्वर्ग हे घर आहे आणि घर आईवाचून होत नाही. ज्या स्त्रीला स्वतःचे घर उघडपणे सांगता येत नव्हते तिने हे गीत लिहावे, यातील कारुण्य वेगळे दाखवून देण्याची गरज नाही.

फेब्रुवारी १८४६ मध्ये नॉव्हू सोडून पंथीय पश्चिमेस निघाले. बैलगाड्यांच्या तांड्यात एलायझा प्रवासगीते रचीत होती आणि दैनंदिनीत जन्म, मृत्यू, मुक्काम, थंडी यांची नोंद करीत होती. तिच्या सामानात रिलीफ सोसायटीच्या इतिवृत्ताची वही होती. सुमारे हजार मैलांचा शेवटचा टप्पा ओलांडून ऑक्टोबर १८४७ च्या आरंभी ती सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली आणि मातीच्या छपराच्या लाकडी खोलीत राहू लागली. ही भूमी निर्जन नव्हती; ती यूट आणि शोशोनी लोकांच्या वहिवाटीची होती. छळामुळे परागंदा झालेल्यांनी दुसऱ्यांना विस्थापित करावे, हा विरोध या इतिहासातही आहे, आणि एलायझाच्या गीतांत त्याची पुरेशी जाणीव आढळत नाही.

भाऊ लोरेंझो १८४९ मध्ये युरोपात धर्मप्रचारासाठी गेला. इटलीतून कार्य चालवीत असताना त्याने हिंदुस्थानकडेही प्रचारक धाडले. त्यांपैकी ह्यू फिंडले हा १८५२ मध्ये मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यास त्याने एक लहानशी शाखा स्थापन केली. तिचे सभासद मुख्यतः युरोपीय होते, आणि काही वर्षांतच ते कार्य आटोपले. मराठी प्रदेशाशी या पंथाचा पहिला संबंध असा स्नो घराण्यातून आला. १८८४ मध्ये एलायझाने लोरेंझोचे चरित्र प्रसिद्ध केले. तिच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी तो पंथाचा अध्यक्ष झाला.

बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा १८५२ मध्ये झाली, आणि एलायझाचे मौन संपण्याचा मार्ग मोकळा झाला. १८५६ पासून ती ब्रिगम यंगच्या 'लायन हाउस' या विस्तीर्ण घरात राहिली. अनेक पत्नी, त्यांची मुले, सामाईक भोजनगृह, सायंकाळी घंटा होताच दिवाणखान्यात जमणारी कौटुंबिक प्रार्थना असा तेथील क्रम होता. तिला मूल झाले नाही. विधिगृहात स्त्रियांच्या धार्मिक संस्कारांची मुख्य म्हणून ती काम पाही. त्याच वर्षी तिचा पहिला कवितासंग्रह लिव्हरपूल येथे प्रसिद्ध झाला, दुसरा १८७७ मध्ये सॉल्ट लेक सिटीत. तिच्या कविता पाचशेहून अधिक आहेत. त्यांतील बहुसंख्य मृत्युलेख, उत्सवगीते आणि उपदेश आहेत. वैयक्तिक अनुभूतीची तीव्रता त्यांत थोडी. येथे महानुभाव पंथातील महदंबेची आठवण उचित ठरेल. नव्या पंथाच्या पहिल्या पिढीत, पंथस्थापकाच्या सहवासात, सामूहिक प्रसंगासाठी गाणारी कवयित्री पृथगात्म भावकाव्य लिहीत नसते. तिचा मी हा बहुवचनी असतो, आणि त्याच निकषावर तिला जोखले पाहिजे.

१८६७-६८ च्या सुमारास ब्रिगम यंगने स्त्रियांचे मंडळ पुन्हा उभे करण्याचे काम एलायझावर सोपविले. ती साठी ओलांडलेली होती. घोडागाडीने, पुढे आगगाडीने, तिने यूटाहच्या वस्त्यावस्त्यांतून प्रवास केला आणि जुन्या वहीतील नियम वाचून दाखविले. मंडळाच्या सभासद घरोघर जाऊन पीठ, कापड, गोधड्या जमवीत, रोग्यांची शुश्रूषा करीत, प्रेताला वस्त्रे शिवीत. त्यांनी रेशमाची लागवड केली, धान्याची कोठारे भरली, स्वतःची दुकाने व सभागृहे बांधली. मुली आणि बालके यांच्यासाठीही तिने संघटना उभारल्या. स्त्रियांनी वैद्यक शिकावे असा तिचा आग्रह होता. रोमेनिया प्रॅट (१८७७) व एलिस शिप (१८७८) या मॉर्मन स्त्रिया फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन परतल्या. आठ वर्षांनी, १८८६ मध्ये, याच महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या. दोन अगदी भिन्न समाजांत एकच निकड होती : पुरुष वैद्यापुढे संकोचणाऱ्या स्त्रीसाठी स्त्री वैद्य हवी. १८८२ मध्ये मॉर्मन स्त्रियांनी डेझरेट रुग्णालय उघडले, तेव्हा त्याच्या मंडळाची अध्यक्ष एलायझाच होती.

अमेरिकेतील सुधारकांना हे कोडे उलगडत नसे. त्यांच्या लेखी मॉर्मन स्त्री ही जनानखान्यातील बंदिनी. परंतु १३ जानेवारी १८७० रोजी बहुपत्नीत्वविरोधी विधेयकाच्या निषेधार्थ सॉल्ट लेक सिटीत हजारो स्त्रिया जमल्या, आणि एलायझा वक्त्यांत होती. महिनाभरात यूटाहच्या विधिमंडळाने स्त्रियांना मताधिकार दिला. विशेष हे की, ज्यांच्या मुक्तीसाठी म्हणून वॉशिंग्टनने कायदे केले त्यांचा मताधिकार १८८७ मध्ये वॉशिंग्टननेच काढून घेतला. मात्र एवढ्यावरून बहुपत्नीत्वाचे दुःख खोटे ठरत नाही. अनेक स्त्रियांच्या दैनंदिनींत एकाकीपण आणि मत्सर यांची वेदना नोंदलेली आहे. एलायझाने ती वेदना कर्तव्याच्या भाषेत विरघळवून टाकली आणि इतरांनीही तसेच करावे असे सांगितले. स्त्रीला संस्था, व्यासपीठ आणि अधिकार देणारी श्रद्धा आणि तिच्याकडून हा त्याग मागणारी श्रद्धा एकच होती. एकीला घेऊन दुसरीला वगळणे तिला शक्य वाटले नाही.

१८७९ मध्ये एमाच्या मृत्यूनंतर तिच्या मुलाने तिची अखेरची साक्ष प्रसिद्ध केली. जोसेफ स्मिथला अन्य पत्नी नव्हत्या, असे तीत म्हटले होते. एलायझाने वृत्तपत्रातून तिचा जाहीर प्रतिवाद केला, आणि आपल्या नावापुढे स्मिथ हे आडनाव लावू लागली. सदतीस वर्षांपूर्वीच्या सहीचे हे उत्तर होते. १८८० मध्ये ती सर्व मंडळांची मुख्य अध्यक्ष झाली. ५ डिसेंबर १८८७ रोजी लायन हाउसमध्येच तिचे देहावसान झाले. तिच्या इच्छेनुसार अंत्यविधीस काळ्याऐवजी शुभ्र वस्त्रांची सजावट होती. तीन वर्षांनी, १८९० मध्ये, पंथाने बहुपत्नीत्वाचा जाहीर त्याग केला.

तिचे गीत मॉर्मन उपासनेत आजही गायिले जाते. १९०९ व १९९५ च्या अधिकृत घोषणांत स्वर्गीय माता किंवा मातापिता यांचा निर्देश आला. मात्र त्या मातेला उद्देशून प्रार्थना करू नये असेही पंथाने सांगितले आहे. गाण्यात जिला हाक मारता येते तिला प्रार्थनेत मारता येत नाही. इतिवृत्ताच्या वहीचीही अशीच कथा आहे. स्मिथने स्त्रियांच्या मंडळाच्या हाती किल्ली दिली, असे एलायझाने १८४२ मध्ये नोंदविले होते. पुढे पंथाचा इतिहास सिद्ध करणाऱ्यांनी तो पाठ बदलून किल्ली त्यांच्या वतीने फिरविली असे केले, आणि पिढ्यानुपिढ्या तोच छापला गेला. मूळ वही मात्र जपून राहिली होती. २०१६ मध्ये पंथाच्याच इतिहास विभागाने ती संपादित ग्रंथात संपूर्ण छापली, आणि एलायझाच्या हातचा पाठ वाचकांपुढे आला.